नंबर कंपनीचा, पत्ता आपला: एसएमएस आणि खुल्या इंटरनेट मेसेजिंगची वाटणी कशी करावी

बरीच वर्षं वापरलेलं एक सिम मी बंद केलं. काही महिन्यांनी तोच नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी दिला. मला हे कळलं ते एका जुन्या मित्रामुळे. त्याने त्या नंबरावर माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि "आपण कोण?" असं उलट उत्तर आल्यावर इकडेतिकडे विचारून मला गाठलं. त्याच संध्याकाळी मी माझी जुनी खाती तपासायला बसलो. एका खात्याचा पासवर्ड विसरलो होतो. तो बदलायला गेलो तर कोड गेला त्याच नंबरावर, म्हणजे एका अनोळखी माणसाच्या फोनवर. कंपनीने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. नंबर माझा आहे असं मी धरून चाललो होतो. तो कायम कंपनीचाच असतो, आपण फक्त वापरत असतो.

तेव्हापासून "कुठलं ॲप चांगलं?" हा प्रश्न मी मागे ठेवतो. त्याआधी दोन प्रश्न विचारतो: माझा पत्ता, म्हणजे ज्यावर लोक मला मेसेज करतात तो नंबर किंवा नाव, कुणाच्या ताब्यात आहे? आणि माझ्या मेसेजची किल्ली कुणाकडे आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतात. एसएमएस टाकून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याच्यावर कुठलं काम सोपवायचं आणि कुठलं काढून घ्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

आधी एसएमएस समजून घ्या

एसएमएसची कल्पना १९८०च्या दशकात जीएसएम या मोबाइल जाळ्याच्या पद्धतीचे नियम ठरत असताना पुढे आली. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने पोस्टकार्डांवर आणि टेलेक्सवर (तारेसारख्या टंकलेल्या निरोपांच्या जुन्या सेवेवर) माणसं किती लिहितात ते पाहिलं आणि १६० अक्षरं पुरतात असा निष्कर्ष काढला. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पापवर्थ यांनी संगणकावरून पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

मोबाइलचं जाळं फोन आणि टॉवर यांच्यात कायम बारीकसारीक निरोप पाठवत असतं: फोन कुठे आहे, कॉल आला आहे, वगैरे. या निरोपांसाठी जी वाट असते, तिच्यातच एसएमएस बसवला. म्हणून त्याला डेटा लागत नाही. म्हणूनच कॉल चालू असतानाही तो येतो, आणि आवाज तुटतो इतक्या कमी रेंजमध्येही अनेकदा निघून जातो. पाठवलेला मेसेज आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. समोरचा फोन बंद असेल तर केंद्र तो धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. कंपनीने ठरवलेली मुदत संपली की मेसेज टाकून दिला जातो, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे पहिली व्यवहाराची गोष्ट. मेसेजखाली 'पाठवला' असं दिसलं म्हणजे तो केंद्राने घेतला, इतकंच. समोरच्याला मिळाला की नाही हे कळण्यासाठी मेसेजच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डिलिव्हरी रिपोर्ट' चालू करा. बऱ्याच फोनवर ते मुळात बंद असतं. अडीअडचणीसाठी एसएमएसवर भिस्त ठेवणार असाल तर हे आजच करून टाका.

मराठीत लिहिताना मोजून बघा

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरांना प्रत्येकी ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला मात्र साधारणपणे प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात, म्हणून ७०च खुणा बसतात. शिवाय 'खूण' म्हणजे आपल्याला दिसतं ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं.

'पोहोचल्यावर' हा शब्द घ्या. डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात: पो, हो, च, ल्या, व, र. फोन मोजतो अकरा: प, मात्रेसह काना, ह, पुन्हा मात्रेसह काना, च, ल, हलन्त, य, काना, व, र. "मी पोहोचल्यावर फोन करतो" या साध्या वाक्याच्या मोकळ्या जागा धरून २३ खुणा होतात. हेच वाक्य मध्ये एकेक जागा सोडून तीनदा लिहिलं तर ७१ होतात, म्हणजे एका खुणेपायी मेसेजचे दोन तुकडे पडतात. तुकडे पडले की ते जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात भरावी लागते. त्यामुळे देवनागरीत एका तुकड्यात ६७ आणि रोमनमध्ये १५३ एवढीच जागा उरते. तुकडे एकेकटे प्रवास करतात. एक मागे राहिला तर समोरच्याला अर्धवट मजकूर दिसतो, किंवा सगळे येईपर्यंत काहीच दिसत नाही.

रोमन अक्षरांत लिहिलेल्या मेसेजलाही ही अट अचानक लागू होते. एखादा इमोजी टाकला किंवा कुठून तरी चिकटवलेल्या मजकुरात वाकडं अवतरणचिन्ह आलं, की अख्खा मेसेज १६० वरून ७० च्या हिशेबात जातो. म्हणून संकटाच्या वेळचा मेसेज साध्या रोमन अक्षरांत, इमोजी न टाकता, एका तुकड्यात बसेल असा लिहावा. मराठीचा मला कितीही जिव्हाळा असला तरी दरड कोसळून रस्ता बंद झालेला असताना मी "सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे" हे रोमनमध्येच लिहीन.

एसएमएस कुठे कच्चा पडतो

मजकूर उघडा असतो. फोन ते टॉवर एवढ्या टप्प्यावर कुलूप (एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बदलून पाठवणं) असतं, आणि जुन्या टूजीमध्ये तेही फार कमकुवत. पुढे कंपनीच्या केंद्रात मेसेज वाचता येईल अशाच रूपात पोहोचतो. जगभरच्या मोबाइल कंपन्या आपसात ज्या एसएस७ यंत्रणेने बोलतात ती बनली तेव्हा जाळ्यात मोजक्याच कंपन्या होत्या आणि एकमेकींवर विश्वास धरलेला होता. त्या जाळ्यात शिरकाव मिळालेला माणूस दुसऱ्याचे एसएमएस स्वतःकडे वळवू शकतो. जर्मनीत २०१७ मध्ये चोरांनी असे बँकेचे कोड वळवून खात्यांतून पैसे काढले आणि तिथल्या एका मोबाइल कंपनीने ते जाहीरपणे मान्य केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने फोन नंबरावर कोड पाठवण्याची पद्धत 'निर्बंधित', म्हणजे धोका ओळखूनच वापरायच्या, वर्गात टाकली.

याहून सोपी चोरी म्हणजे तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेणं. त्यासाठी तंत्रज्ञान लागत नाही, दुकानातल्या माणसाला पटवता आलं की झालं.

आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नंबराऐवजी नाव दिसू शकतं, आणि ते नाव खोटंही असू शकतं. फोन मात्र नावावरून मेसेज एकत्र लावतो. त्यामुळे बँकेच्या खऱ्या मेसेजच्या रांगेत, त्यांच्या अगदी खाली, चोराचा मेसेज येऊन बसतो. वरचे दहा खरे आहेत म्हणून अकरावा खरा, असं धरू नका.

'इंटरनेटवरचं' आणि 'खुलं' यात फरक आहे

व्हॉट्सॲप, सिग्नल, आयमेसेज हे सगळे इंटरनेटवर चालतात आणि मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद ठेवतात. म्हणजे किल्ली तुमच्या नि समोरच्याच्या फोनमध्ये असते, मधल्या सर्व्हरकडे, म्हणजे मेसेज पुढे पोहोचवणाऱ्या संगणकाकडे नसते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे चांगलं आहे. पहिल्याचं तितकंसं नाही. सिग्नलचा प्रोग्रॅम (सोर्स कोड) सगळ्यांना वाचायला खुला आहे आणि २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता टोपणनावाने बोलता येतं, पण खातं उघडायला अजून फोन नंबर लागतो आणि सर्व्हर त्यांचाच असतो. एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमधल्या माणसाशी बोलायचं तर सहसा वाट नसते.

आरसीएस हा एसएमएसचा वारसदार. चित्रं, 'वाचलं' ही खूण, मोठा मजकूर असं सगळं त्यात आहे, आणि २०२४ मध्ये आयओएस १८ पासून तो आयफोनवरही आला. मात्र त्याला डेटा लागतो आणि पत्ता पुन्हा तोच, कंपनीने दिलेला नंबर. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यातल्या आरसीएस संभाषणात दोन टोकांचं कुलूप आहेच असं गृहीत धरू नका. मेसेजच्या चौकटीत कुलपाचं चिन्ह दिसतंय का ते पाहा.

खुलं मेसेजिंग म्हणजे ईमेलसारखी रचना. नियम जाहीर, सर्व्हर कुणीही चालवावा, आणि एका सर्व्हरवरच्या माणसाने दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं. अशा दोन मोठ्या पद्धती आहेत. एक्सएमपीपी ही जुनी: १९९९ मध्ये जॅबर नावाने सुरू झाली आणि २००४ मध्ये इंटरनेटचं अधिकृत मानक बनली. मॅट्रिक्स ही नवी, २०१४ची. फ्रान्स सरकारचं कर्मचाऱ्यांसाठीचं तशाप हे ॲप आणि जर्मन सैन्याचं मेसेंजर मॅट्रिक्सवरच उभं आहे. तिसरा मार्ग डेल्टा चॅटचा. तो थेट ईमेलच्या सर्व्हरांवरून चालतो, पण दिसतो चॅटसारखा.

खुलेपणा आपोआप टिकत नाही, हेही लक्षात ठेवा. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपीवर सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इतर सर्व्हरांसाठी दार उघडलं. अनेकांनी आपली सगळी माणसं तिथे नेली. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि ते दार हळूहळू बंद झालं. तेव्हा बाहेरच्या छोट्या सर्व्हरवर असलेल्यांची अर्धी ओळखपाळख तुटली. म्हणून सर्व्हर निवडताना 'सगळे जिथे आहेत तिथेच' हा निकष मी लावत नाही.

आता हाताला काम

पहिली पायरी: गेल्या आठवड्याचे मेसेज उघडा आणि कागदावर तीन रकाने करा. यंत्राकडून आलेले: कोड, पावत्या, आठवणी. ओळखीपाळखीचे. आणि घरचे, जिवाभावाचे. माझा अनुभव असा की तिसऱ्या रकान्यात पाच ते दहा माणसंच येतात. खुल्या मेसेजिंगवर आधी न्यायचं ते यांनाच. बाकीच्यांसाठी सध्या आहे ते चालू द्या.

दुसरी पायरी: पद्धत निवडा. दोघांतल्या नि घरातल्या गप्पा, साधा फोन, बॅटरीचा कमी खर्च असं हवं असेल तर एक्सएमपीपी घ्या. मोठे गट, अनेक खोल्या (मॅट्रिक्समध्ये गटाच्या गप्पांच्या जागेला हेच म्हणतात), संगणकावर जास्त काम असेल तर मॅट्रिक्स. मला विचाराल तर कुटुंबासाठी मी एक्सएमपीपीच सुचवतो. ते हलकं आहे आणि ॲप बदललं तरी पत्ता बदलत नाही. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल, संगणकावर गाजिम किंवा डिनो. मॅट्रिक्ससाठी एलिमेंट सगळीकडे चालतं.

तिसरी पायरी म्हणजे सर्व्हर, आणि इथे घाई करू नका. पत्ता 'नाव@सर्व्हर' असा असतो, मॅट्रिक्समध्ये '@नाव:सर्व्हर'. म्हणजे सर्व्हर बंद पडला तर पत्ताही गेला. तो किती वर्षं चालू आहे, कोण चालवतं, खर्च कशातून भागतो, अडचण आली तर कुणाशी बोलायचं, हे त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असावं. लिहिलेलं नसेल तर पुढे चला. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कुणाशी आणि केव्हा बोलतं हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू शकतं. मॅट्रिक्समध्ये खोलीचं नाव आणि कोण आत आहे हेही सहसा उघडंच असतं. तेव्हा गटाला नाव देताना त्यात आजाराचं किंवा तक्रारीचं नाव घालू नका.

ज्याला झेपेल त्याने स्वतःचं डोमेन (पत्त्यात सर्व्हरच्या जागी येणारं, आपल्या नावावर नोंदवलेलं इंटरनेटवरचं नाव) घ्यावं आणि एक्सएमपीपीची सेवा देणाऱ्याकडे ते जोडावं. मग सेवा देणारा बदलला तरी डोमेनच्या नोंदी नव्या जागेकडे वळवता येतात आणि पत्ता तसाच राहतो. मॅट्रिक्समध्ये अशी हलवाहलव बरीच जड जाते. डोमेनही मुदतीवरच मिळतं. नूतनीकरणाची तारीख चुकली तर ते दुसरा कुणी घेऊ शकतो, आणि मग माझ्या जुन्या सिमचीच कहाणी पुन्हा घडेल. आठवण दोन ठिकाणी लावून ठेवा.

किल्ल्या: इथेच सगळ्यात जास्त लोक अडखळतात

एसएमएसमध्ये किल्लीच नसते, त्यामुळे ती हरवण्याचाही प्रश्न नसतो. दोन टोकांच्या कुलपात किल्ली तुमच्याकडे असते, म्हणजे जबाबदारीही तुमचीच. एक्सएमपीपीत हे कुलूप ओमेमो नावाने येतं. संभाषणात कुलपाचं चिन्ह दिसेल, ते चालू आहे ना पाहा. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी असते, म्हणून आज घेतलेल्या फोनवर कालचे मेसेज उघडत नाहीत. ते बिघाडाचं लक्षण नाही. जुने मेसेज हवे असतील तर फोन बदलण्याआधी ॲपमधून बॅकअप काढून ठेवा.

मॅट्रिक्समध्ये खातं उघडल्यावर 'रिकव्हरी की' नावाची लांबलचक अक्षरमाळ मिळते. पासवर्ड आणि ही अक्षरमाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या उपकरणांमधून बाहेर पडलात आणि ही हरवली, तर पासवर्ड बरोबर असूनही जुने मेसेज उघडत नाहीत, आणि सर्व्हर चालवणाराही ते उघडून देऊ शकत नाही. एका जवळच्या मैत्रिणीचं असंच झालं. वडिलांशी झालेलं वर्षभराचं बोलणं समोर होतं, पण प्रत्येक ओळीच्या जागी 'हा मेसेज उघडता येत नाही' एवढंच. ती अक्षरमाळ कागदावर लिहा आणि महत्त्वाची कागदपत्रं ठेवता तिथे ठेवा. त्याच फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवणं निरुपयोगी, कारण फोन गेला की दोन्ही जातं.

मग समोरच्याची पडताळणी. दोघं समोरासमोर असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. एक्सएमपीपीच्या ॲपमध्ये एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करा. मॅट्रिक्समध्ये दोन्ही पडद्यांवर सात चित्रं येतात, ती जुळली की झालं. प्रत्यक्ष भेट होणार नसेल तर कॉलवर वाचून दाखवा. त्याच चॅटमध्ये विचारून जुळवू नका. मध्ये कुणी बसला असेल तर उत्तर तोच देईल.

माणसं कशी आणायची

सगळ्यांना एकदम सांगून कुणी येत नाही. एका माणसापासून सुरुवात करा. त्याच्या फोनवर ॲप तुम्ही स्वतः लावून द्या, पासवर्ड त्याच्या हाताने लिहून घ्या, पहिला फोटो तिथेच पाठवा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात. त्यामुळे मेसेज तासाभराने येतात आणि माणूस म्हणतो, "हे काही चालत नाही." फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला 'निर्बंध नाही' असं करून द्या. नवीन माणूस टिकतो की जातो, हे माझ्या मते याच एका सेटिंगवर ठरतं.

आणि एक ठरवून टाका: तातडीचं असेल आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर एसएमएस करायचा. डेटा गेला, वायफाय बंद पडलं, तरी माणूस सापडला पाहिजे.

कोड नंबरावरून हलवा

आता पहिल्या रकान्याकडे या. ज्या ज्या खात्यात सोय आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने खातं उघडण्याची सोय) लावा. ऑथेंटिकेटरमध्ये सहसा दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो. तो जाळ्यावरून येत नाही, म्हणून वाटेत वळवता येत नाही. सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. लावताना जे राखीव कोड मिळतात तेही कागदावर, रिकव्हरी कीच्या शेजारी. काही बँका एसएमएसशिवाय पर्याय देत नाहीत. तिथे नंबर जपण्याखेरीज इलाज नाही. सिमला पिन लावा, म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून कोड घेता येणार नाहीत. फोनमध्ये टूजी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो वापरा. आणि रेंज असलेल्या ठिकाणी सिम अचानक 'नो सर्व्हिस' दाखवू लागलं, तर तासभर वाट बघत न बसता दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की तुमच्या नावाने नवं सिम निघालं आहे का.

नंबर बदलणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक खात्यात नवा नंबर, मग महिनाभर दोन्ही सिम चालू, आणि जुन्यावर काहीच येईनासं झालं की मगच ते बंद. माझ्याकडून नेमकी ही मधली पायरी राहिली होती.

शेवटी एक चाचणी, सुटीच्या दिवशी. अर्धा दिवस सिम बंद ठेवा आणि फक्त वायफायवर राहा: घरच्या माणसांचे मेसेज येतात का, ईमेलमध्ये शिरता येतं का? उरलेला अर्धा दिवस डेटा आणि वायफाय दोन्ही बंद ठेवा: घरच्या प्रत्येकाचा नंबर फोनमध्ये आहे का, डिलिव्हरी रिपोर्ट येतोय का? जे अडेल ते कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी एकेक करून सोडवा.